एडब्ल्यूएस डेव्हलपर असोसिएट परीक्षा: प्रश्न वाचण्यातच वेळ संपतो, तयारी कशी करावी?

वारणाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत चार वर्षांपासून जावा आणि स्प्रिंग बूटवर बॅकएंडचे काम करतो. गेल्या वर्षी आमचा प्रकल्प एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या, मुंबई रीजनमध्ये हलवला आणि तेव्हापासून लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सेवा), एसक्यूएस (संदेशांची रांग, म्हणजे क्यू, सांभाळणारी सेवा), डायनॅमोडीबी (डेटाबेस) ही नावे रोजच्या कामात आली. त्यामुळे ‘एडब्ल्यूएस सर्टिफाइड डेव्हलपर असोसिएट’ ही परीक्षा द्यायचे मी ठरवले आहे. ६५ प्रश्न, १३० मिनिटे, १,००० पैकी ७२० गुणांना उत्तीर्ण, आणि शुल्क १५० डॉलर अधिक कर, एवढी माहिती मी काढली आहे. कंपनी शुल्क परत देणार आहे, पण ते उत्तीर्ण झालो तरच. घरी दरमहा पैसे पाठवावे लागत असल्याने एवढी रक्कम वाया जाणे मला परवडणारे नाही.

माझी खरी अडचण विषयाची आहे की भाषेची, हेच मला नीट कळेनासे झाले आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण गावातल्या मराठी शाळेत झाले. पुढे बीसीएस करताना इंग्रजी पुस्तके वाचली आणि कामातली ईमेल, तांत्रिक कागदपत्रे यांतही आता अडत नाही. परंतु या परीक्षेचा एकेक प्रश्न म्हणजे पाच-सहा ओळींचा परिच्छेद असतो, त्याखाली दोन-दोन ओळींचे चार पर्याय असतात, आणि ते सगळे वाचून मनात मराठीत मांडेपर्यंत दोन मिनिटे निघून जातात. सरावाच्या तीन परीक्षा दिल्या. ५८, ६१ आणि ५९ टक्के पडले, आणि तिन्ही वेळा शेवटचे दहा-बारा प्रश्न अंदाजाने भरावे लागले.

एक उदाहरण देतो. प्रश्नाचा आशय असा होता की ईसीटूवर (एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या सर्व्हरवर) चालणारा एक प्रोग्राम एसक्यूएसच्या स्टँडर्ड क्यूमधून ऑर्डरचे संदेश उचलतो, एका संदेशावर काम पूर्ण व्हायला ४० ते ५० सेकंद लागतात, आणि अलीकडे काही ऑर्डर दोनदा नोंदल्या जात आहेत. तर कमीत कमी बदल करून यावर उपाय काय करावा. मी ‘फिफो क्यू (आलेल्या क्रमानेच संदेश देणारा क्यू) वापरावा’ हा पर्याय निवडला आणि तो चुकला. उत्तराखालचे स्पष्टीकरण वाचूनही माझे पूर्ण समाधान झालेले नाही.

जाणकारांना विनंती आहे की, प्रश्न वाचण्याची काही पद्धत असेल तर सांगावी; किती आकडे पाठ करावेत हे सांगावे; आणि परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर जाऊन, याबद्दलही आपला अनुभव लिहावा. आणखी एक गोष्ट विचारतो. एका मित्राने ‘खरे प्रश्न’ म्हणून चारशे प्रश्नांची एक पीडीएफ पाठवली आहे. मी ती अजून उघडलेली नाही, पण परीक्षा जवळ येईल तसा मोह वाढतो आहे.

---

घाटमाथा यांचा प्रतिसाद

नमस्कार. मी ही परीक्षा दोनदा उत्तीर्ण झालो आहे, कारण प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असते आणि ती संपण्याआधी मला पुन्हा बसावे लागले. माझेही शिक्षण मराठी माध्यमातले आहे, त्यामुळे आपण म्हणता ती अडचण मला नेमकी ठाऊक आहे.

सर्वांत आधी एक काम करा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा परीक्षार्थींना इंग्रजीतल्या परीक्षेसाठी ३० मिनिटे जादा मिळतात. त्यासाठी वेगळे शुल्क नाही आणि कोणता दाखलाही जोडावा लागत नाही. आपल्या प्रमाणपत्र खात्यात विशेष सुविधांचा जो विभाग आहे तेथून ही मागणी करायची असते, पण ती परीक्षेची तारीख आरक्षित करण्यापूर्वी करावी लागते. नंतर आठवण होऊन उपयोग नाही. १३० मिनिटांत एका प्रश्नाला बरोबर दोन मिनिटे मिळतात, आणि १६० मिनिटे मिळाली की तोच वेळ जवळजवळ अडीच मिनिटांचा होतो. आपले शेवटचे दहा-बारा प्रश्न या अर्ध्या मिनिटातच अडकलेले आहेत.

आता वाचण्याबद्दल. आपण प्रश्न पहिल्या ओळीपासून वाचता आणि प्रत्येक वाक्याचा मराठीत अर्थ लावत जाता, तेथेच वेळ जातो असे मला वाटते. परिच्छेदाचे शेवटचे वाक्य आधी वाचा. काय विचारले आहे ते तेथे असते आणि उत्तर कशावर ठरणार हेही तेथेच असते: ‘लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड’ म्हणजे देखभालीचे काम सर्वांत कमी, ‘मोस्ट कॉस्ट इफेक्टिव्ह’ म्हणजे खर्च सर्वांत कमी, किंवा ‘मोस्ट सिक्युअर’. या अटीवरून उत्तर कसे बदलते ते पाहा. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये न ठेवता बाहेर कोठे ठेवावा, असा प्रश्न आहे असे समजा. तो पासवर्ड ठराविक काळाने आपोआप बदलला जावा अशी अट असेल तर सीक्रेट्स मॅनेजर हे उत्तर येते. तशी अट नसेल आणि खर्च कमीत कमी हवा असेल, तर पॅरामीटर स्टोअर येते, कारण त्याच्या स्टँडर्ड पॅरामीटरला वेगळे शुल्क नाही, तर सीक्रेट्स मॅनेजरमध्ये प्रत्येक गुपितामागे दरमहा पैसे मोजावे लागतात. वरचा परिच्छेद दोन्ही वेळा शब्दशः तोच असू शकतो. म्हणून अट डोक्यात ठेवून मग वर जावे आणि परिच्छेदातून लागेल तेवढेच उचलावे.

आता आपला एसक्यूएसचा प्रश्न जरा सविस्तर घेतो, कारण त्यात या परीक्षेचा सगळा स्वभाव दिसतो. क्यूमधून संदेश उचलला म्हणजे तो पुसला गेला असे होत नाही. तो काही काळ इतरांना दिसेनासा होतो, एवढेच. या काळाला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात. आपण काही ठरवले नसेल तर तो ३० सेकंद असतो आणि १२ तासांपर्यंत वाढवता येतो. काम संपल्यावर संदेश पुसण्याची जबाबदारी तो उचलणाऱ्या प्रोग्रामची असते. आपल्या प्रश्नात काम ४० ते ५० सेकंदांचे आहे, म्हणजे पहिला प्रोग्राम अजून निम्म्या वाटेवर असतानाच ३० व्या सेकंदाला संदेश पुन्हा दिसू लागतो, दुसरा प्रोग्राम तो उचलतो आणि ऑर्डर दोनदा नोंदली जाते. हा काळ ५० सेकंदांपेक्षा चांगला मोठा करणे हे उत्तर, आणि तो बदल केवळ एका सेटिंगचा आहे.

फिफो क्यू का नाही? फिफोमधली द्विरुक्ती टाळण्याची सोय पाठवणाऱ्याच्या बाजूची आहे: तोच संदेश ५ मिनिटांच्या आत पुन्हा पाठवला गेला तर क्यू तो दुसऱ्यांदा घेत नाही. उचलणाऱ्याने वेळेत काम संपवून संदेश पुसला नाही, तर फिफोमधूनही तो पुन्हा बाहेर येतोच. शिवाय स्टँडर्ड क्यूचे रूपांतर फिफोमध्ये करता येत नाही. नवा क्यू उभारावा लागतो आणि पाठवणारा कोडही बदलावा लागतो, म्हणजे ‘कमीत कमी बदल’ ही अटच मोडते. आपण ‘दोनदा’ हा शब्द वाचला, फिफो आठवला आणि पर्याय निवडला. पर्याय तयार करणाऱ्यांना नेमके हेच अपेक्षित असते, म्हणून ही आपल्या इंग्रजीची चूक मानू नका.

दोन नियमही ध्यानात असू द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. आणि ६५ पैकी १५ प्रश्नांचे गुण धरलेच जात नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपणी म्हणून घातलेले असतात. ते कोणते हे आपल्याला कळत नाही. म्हणून एखादा प्रश्न अगदीच अनोळखी निघाला तर त्याला चिकटून बसू नये, पर्याय निवडावा, फ्लॅग लावावा आणि पुढे जावे.

---

प्राजक्त यांचा प्रतिसाद

घाटमाथा यांनी लिहिलेल्या त्या ३० मिनिटांबद्दल मला पहिल्या खेपेलाच माहीत होते, तरीही मी ती मागितली नाही. आपण संगणकात पदवी घेतली, रोज इंग्रजीत काम करतो, मग ‘मला इंग्रजी येत नाही’ असे लिहून का द्यावे, असे तेव्हा वाटले. ६९४ गुण पडले आणि मी नापास झाले. पुन्हा बसण्यासाठी १४ दिवस थांबावे लागते आणि संपूर्ण शुल्क पुन्हा भरावे लागते. ते मी भरले. म्हणून आपल्याला कळकळीने सांगते की ही मागणी करण्यात कमीपणा मुळीच नाही.

परंतु माझ्या नापास होण्याचे कारण केवळ वेळ नव्हते. निकालपत्रात विभागवार शेरा असतो. परीक्षेचे चार विभाग आहेत: प्रत्यक्ष विकासाला ३२ टक्के, सुरक्षेला २६, डिप्लॉयमेंटला २४ आणि त्रुटी शोधण्याला १८. माझ्या सुरक्षेसमोर सुधारणेची गरज असल्याचा शेरा होता. मी साठ तासांचे व्हिडिओ पाहिले होते, वह्या भरून टिपणे काढली होती, पण स्वतःच्या हाताने एकही गोष्ट उभी केली नव्हती.

दुसऱ्या खेपेच्या आधी सहा आठवडे मी एक छोटे ॲप करायला घेतले. आमच्या गावात माझा भाऊ दूध संकलन केंद्र चालवतो. सुमारे ३०० सभासद, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा संकलन, आणि प्रत्येक नोंदीत सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर. बाहेरून येणाऱ्या विनंत्या घेणारा एपीआय गेटवे, त्यामागे लॅम्डा आणि नोंदींसाठी डायनॅमोडीबी, एवढेच त्याचे स्वरूप. सभासद क्रमांक ही पार्टिशन की (जिच्यावरून नोंदींचे गट पडतात) आणि तारीख व वेळ मिळून सॉर्ट की (जिच्यावरून गटातला क्रम लागतो), असे टेबल केले. एका सभासदाचे दहा दिवसांचे बिल काढायचे तर क्वेरी झटकन चालत असे. मग भावाने विचारले, ‘ताई, आज संध्याकाळचे एकूण दूध किती?’ आणि माझ्या लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर या टेबलात क्वेरीने मिळतच नाही, कारण सभासद क्रमांक दिल्याशिवाय क्वेरी करता येत नाही. मी सरळ स्कॅन लावला, म्हणजे सगळे टेबल वाचायला लावले, आणि तारखेची चाळणी बसवली.

उत्तर बरोबर आले, पण हिशेब मांडून पाहिला तेव्हा डोळे उघडले. वर्षाला ३०० गुणिले २ गुणिले ३६५, म्हणजे २ लाख १९ हजार नोंदी होतात. एक नोंद साधारण २०० बाइटची धरली तर सगळे टेबल ४४ एमबीच्या आसपास जाते. स्कॅनमध्ये चाळणी नंतर लागते आणि वाचनाची क्षमता आधी मोजली जाते, म्हणजे हाती आलेल्या ३०० नोंदींसाठी संपूर्ण टेबल वाचल्याचा खर्च पडतो. ४ केबीला एक युनिट आणि इव्हेंच्युअली कन्सिस्टंट वाचनाला (ज्यात अगदी ताजा बदल क्वचित दिसत नाही) त्याच्या निम्मे, या हिशेबाने सुमारे ५,३०० युनिटे लागतात. मग तारीख आणि वेळ यांवर ग्लोबल सेकंडरी इंडेक्स, म्हणजे त्याच नोंदींची वेगळ्या कीने लावलेली सूची, केला. आता त्याच ३०० नोंदी, म्हणजे ६० केबी, वाचायला साडेसात युनिटे पुरतात. हे मी व्हिडिओत तीनदा ऐकले होते आणि तिन्ही वेळा विसरले होते. भावाच्या दुधाचा हिशेब केल्यावर ते कधीच विसरले नाही. परीक्षेत युनिटांचे गणित आले तेव्हा केबीचे आकडे भागून, वरचा पूर्णांक धरून, अर्ध्या मिनिटात सोडवले.

सुरक्षेचा धडाही याच ॲपने दिला. घाईत मी ॲक्सेस की (खात्यात शिरण्याची गुप्त किल्ली) कोडमध्येच लिहिली आणि कोड सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकला. काही मिनिटांतच ॲमेझॉनकडून ईमेल आला की ही की उघड झाली असून तिच्यावर निर्बंध घातले आहेत. रात्री अकरा वाजता मी ती की बंद केली, बिल तपासले, आणि मग आयएएम (एडब्ल्यूएसमधल्या परवानग्या सांभाळणारी सेवा) मधला रोल म्हणजे काय हे पहिल्यांदा मन लावून वाचले. लॅम्डाला की द्यायचीच नसते. त्याला रोल जोडायचा असतो आणि त्या रोलला नेमक्या त्याच टेबलावर नेमक्या त्याच क्रियांची परवानगी द्यायची असते. या परीक्षेत एखाद्या पर्यायात की कोडमध्ये किंवा सर्व्हरवर ठेवायला सांगितलेले दिसले, की तो पर्याय मी उरलेले न वाचता बाजूला करत असे, आणि त्यातही वेळ वाचला.

दुसऱ्या खेपेस ७९१ गुण मिळाले. आपण घरच्या एखाद्या खऱ्या हिशेबाचे ॲप करावे असे मी सुचवीन. खाते उघडल्याबरोबर खर्चाच्या सूचनेचा अलार्म मात्र लावून ठेवा.

---

वऱ्हाडी मुलूख यांचा प्रतिसाद

केंद्र की घर, एवढ्याचेच उत्तर देतो. आपण पुण्यात आहात, तेव्हा केंद्रावरच जा.

मी घरून दिली. अर्धा तास आधी लॉग इन करावे लागते, टेबल, खोलीच्या चारही बाजू आणि ओळखपत्र यांचे फोटो पाठवावे लागतात, टेबलावर कागद, पेन, मोबाइल, दुसरा स्क्रीन यांतले काहीही चालत नाही, आणि परीक्षा संपेपर्यंत खोलीत कोणी येऊ शकत नाही. हे सगळे मी केले होते. जे माझ्या ध्यानीमनी नव्हते ते वेगळेच होते. इंग्रजीतले लांब वाक्य समजून घ्यायचे असले की मी ते ओठांत पुटपुटतो. शाळेपासूनची सवय आहे. विसाव्या प्रश्नाच्या सुमारास पर्यवेक्षकाचा संदेश स्क्रीनवर आला की बोलू नये, पुन्हा बोलल्यास परीक्षा थांबवली जाईल. त्यानंतरचे सगळे प्रश्न मी ओठ घट्ट मिटून वाचले आणि अर्धे लक्ष ओठांकडेच राहिले. उत्तीर्ण झालो, पण ते दोन तास मला पुन्हा नकोत. शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे इन्व्हर्टर असूनही धाकधूक होतीच. केंद्रावर वीज आणि नेट ही त्यांची जबाबदारी असते, आणि कच्च्या कामाला पुसता येणारी पाटीही मिळते.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाव. आपल्याकडे कोठे वडिलांचे नाव मध्ये असते, कोठे नसते, कोठे आडनाव आधी असते. परीक्षेच्या खात्यातले नाव आणि आपण दाखवणार त्या ओळखपत्रावरचे नाव जुळले पाहिजे, आणि कोणते ओळखपत्र चालेल हे आरक्षणाच्या ईमेलमध्ये दिलेले असते, ते त्याच दिवशी वाचा. माझ्या एका सहकाऱ्याला याच कारणाने केंद्राच्या दारातून परत यावे लागले होते आणि त्याचे शुल्कही बुडाले.

---

दगडी पूल यांचा प्रतिसाद

मी त्या पीडीएफबद्दल लिहितो, कारण गेली सहा-सात वर्षे मी उमेदवारांच्या मुलाखती घेतो आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

परीक्षेच्या आधी आपण ज्या करारावर संमती देतो त्यात प्रश्न बाहेर न देण्याची आणि असे फुटलेले प्रश्न न वापरण्याची अट असते. ती मोडल्याचे आढळल्यास निकाल रद्द होऊ शकतो आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. पण हे बाजूला ठेवले तरी त्या पीडीएफमधली उत्तरे कोणा अनोळखी माणसाने अंदाजाने भरलेली असतात, आणि त्यांतली कित्येक चूक असतात. मी पाहिलेल्या एका पीडीएफमध्ये जुन्या आवृत्तीचे प्रश्न होते. सध्याची डीव्हीए-सी०२ ही आवृत्ती २८ फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली आहे, हेही ती विकणाऱ्याच्या गावी नव्हते.

मागे एक मुलगा मुलाखतीला आला होता. प्रमाणपत्र दोन महिन्यांपूर्वीचे, गुण चांगले. मी विचारले, ‘लॅम्डा फंक्शन मोठ्या फाइलवर गणिती प्रक्रिया करते आहे आणि फार हळू चालते आहे. कोडला हात न लावता त्याचा वेग कसा वाढवाल?’ तो म्हणाला, ‘टाइमआउट १५ मिनिटांचा करीन.’ मी म्हटले, ‘त्याने फंक्शन जास्त वेळ चालू शकेल, पण लवकर कसे संपेल?’ यावर तो गप्प झाला. लॅम्डामध्ये सीपीयू वेगळा मागता येत नाही. मेमरी वाढवली की त्या प्रमाणात सीपीयू वाढतो आणि ती १२८ एमबीपासून १०,२४० एमबीपर्यंत वाढवता येते. १५ मिनिटे हा आकडा त्याला पाठ होता, पण तो कशाचा आकडा आहे याचा त्याने कधी विचार केला नव्हता. मुलगा हुशार होता, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण त्याने तीच मेहनत समजून घेण्यात घातली असती तर आज तो आमच्याकडे असता.

आकडे किती पाठ करावेत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एखादा आकडा ओलांडला की रचनाच बदलावी लागते, असे मोजकेच आकडे पक्के असावेत. लॅम्डाची १५ मिनिटे ओलांडली तर काम तुकड्यांत विभागून स्टेप फंक्शन्सकडे (कामाचे टप्पे एकामागून एक चालवणाऱ्या सेवेकडे) किंवा कंटेनरकडे न्यावे लागते. डायनॅमोडीबीतली एक नोंद ४०० केबीपेक्षा मोठी होत असेल तर मजकूर एसथ्रीमध्ये (फाइल साठवण्याच्या सेवेत) ठेवून टेबलात फक्त त्याचा पत्ता ठेवावा लागतो. केएमएसला (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेला) थेट ४ केबीपर्यंतचाच डेटा एन्क्रिप्ट करायला देता येतो, म्हणून त्याहून मोठ्या फाइलसाठी डेटा की मागवून आपल्याकडेच एन्क्रिप्शन करायचे, म्हणजे एन्व्हलप एन्क्रिप्शन आले. आपण काही ठरवले नसेल तर एसक्यूएस संदेश सांभाळते ते ४ दिवस, आणि वाढवले तर फार तर १४ दिवसांपर्यंत. एवढे आकडे कारणासकट माहीत असतील तर बाकीचे गेले तरी चालतील.

सरावासाठी एडब्ल्यूएसच्याच स्किल बिल्डरवर २० अधिकृत प्रश्नांचा संच विनामूल्य आहे आणि परीक्षेची मार्गदर्शिकाही. तो संच दोनदा सोडवा, आणि दुसऱ्यांदा सोडवताना प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा आहे हे मराठीत एका वाक्यात लिहा. चारशे प्रश्नांच्या त्या पीडीएफपेक्षा हे ऐंशी पर्याय आपल्याला पुढे नेतील.

---

वारणाकाठ यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितो आहे. परवा पुण्यात केंद्रावर परीक्षा दिली आणि काल निकाल आला. ७६८ गुणांनी उत्तीर्ण झालो.

पीडीएफ त्याच दिवशी पुसली आणि मित्रालाही दगडी पूल यांचा प्रतिसाद वाचायला दिला. जादा वेळेची मागणी तारीख घेण्याआधी केली, ती मंजूर झाली, आणि तिचा उपयोग कसा झाला ते सांगतो. पहिली फेरी १२१ मिनिटांत संपली, सतरा प्रश्नांना फ्लॅग लावलेला होता, आणि हातात ३९ मिनिटे शिल्लक होती. पूर्वी जे प्रश्न मी डोळे मिटून भरत होतो, ते या वेळी दोनदा वाचता आले. परीक्षेतले प्रश्न येथे लिहिणे नियमात बसत नाही, म्हणून एवढेच सांगतो की शेवटचे वाक्य आधी वाचण्याची सवय लागायला मला साधारण दोन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात तर उलट जास्तच गोंधळ उडत होता, तेव्हा कोणी ही पद्धत घेणार असेल तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू करू नये.

एसक्यूएसचा तो प्रश्न मात्र मी प्रत्यक्ष करून पाहिला. एक स्टँडर्ड क्यू केला, टाइमआउट तसाच ३० सेकंद ठेवला, आणि संदेश उचलून ४५ सेकंद थांबणारा व मगच तो पुसणारा छोटा जावा प्रोग्राम दोन टर्मिनलमध्ये चालवला. एकच संदेश पाठवला. पहिल्या टर्मिनलवर तो लगेच दिसला. मी घड्याळाकडे पाहत बसलो, आणि तीस सेकंद उलटल्यावर तोच संदेश, तोच क्रमांक, दुसऱ्या टर्मिनलवर उमटला. त्याच्यासोबतचा किती वेळा उचलला गेला हे सांगणारा आकडा २ झालेला होता. टाइमआउट ९० सेकंद केला आणि पुन्हा चालवले, तेव्हा दुसरे टर्मिनल कोरेच राहिले. नंतर फिफो क्यू करून मुद्दाम ३० सेकंदांवर तेच केले, तर तेथेही संदेश दुसऱ्यांदा आला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात आमच्या स्वतःच्या क्यूचे सेटिंग उघडून पाहिले. टाइमआउट ३० सेकंदच होता, आणि पावत्या तयार करण्याच्या आमच्या कामाला कधीकधी ३५ सेकंद लागतात. ती दुरुस्ती गेल्या शुक्रवारी लागू झाली.

---

प्राजक्त यांचा प्रतिसाद

हार्दिक अभिनंदन! प्रमाणपत्र खात्यातला लाभांचा विभाग उघडून पाहा. पुढच्या परीक्षेच्या शुल्कात ५० टक्के सवलत देणारे कुपन तेथे असेल. त्याला मुदत असते, तेव्हा ती तारीख आजच टिपून ठेवा. आणि पावत्यांच्या त्या क्यूला डेड लेटर क्यू (वारंवार अपयशी ठरलेले संदेश बाजूला ठेवणारा क्यू) जोडलेला आहे का, तेही एकदा पाहून घ्या.